एका घराचे तीन ऋतू : लेस्टरमधील हिवाळा

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेले लेस्टर हे शहर आपल्या समाजाला बहुधा एकाच कारणाने ठाऊक असते, आणि ते कारण म्हणजे ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिर. एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या वास्तूत उभारलेल्या आणि १९८८ साली प्रतिष्ठा झालेल्या या मंदिराची संगमरवरी दर्शनी बाजू आणि आतील कोरीव खांब यांची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत. दर्शनाचा लाभ आम्हांसही घडला. परंतु या लेखात मला लिहावयाचे आहे ते त्याच शहराच्या क्लॅरेंडन पार्क नावाच्या वस्तीतील एका साध्या घराविषयी. त्या घरात आमची लेक नांदते आणि गेल्या हिवाळ्यात मी व सौभाग्यवती तेथे अडीच महिने राहिलो.

लेस्टर हे मोजे, बनियन आणि पादत्राणे यांच्या कारखान्यांवर मोठे झालेले शहर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे लाल विटांच्या घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. घराला घर चिकटलेले, मधली भिंत सामाईक, पुढे रस्त्याकडे फुगवटा घेऊन आलेली खिडकी, मागे चिंचोळे अंगण. इचलकरंजीत कापडाच्या पेढीवर आयुष्य घालवलेल्या माणसास हे गाव परके वाटत नाही. बंद पडलेल्या गिरण्यांच्या चिमण्या आणि त्यांच्या आधाराने वसलेल्या गल्ल्या आम्हीही पाहिल्या आहेत.

मात्र या घरांच्या छपरांकडे मान वर करून पाहावे. प्रत्येक धुराड्यावर मातीची चार-चार, सहा-सहा तोंडे दिसतात. जितकी तोंडे तितक्या शेगड्या. घर बांधले गेले तेव्हा प्रत्येक खोलीत स्वतंत्र कोळशाची शेगडी होती. बैठकीची मोठी, निजण्याच्या खोलीतली लहान, पोटमाळ्यावरची त्याहून लहान. ज्या खोलीत कोळसा घालाल ती खोली उबदार, बाकीच्या गारठलेल्या. अडचण होती, कष्ट होते, काजळी होती. पण वरच्या मजल्याने खालच्या मजल्याची ऊब पळविली अशी तक्रार करण्यास जागा नव्हती. पुढे कोळसा गेला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूसाठी ब्रिटनमधील घराघरांतील गॅसची उपकरणे बदलून घेण्यात आली आणि एकाच बॉयलरवर सर्व घर तापविण्याची पद्धत रुळली. बॉयलरमध्ये पाणी तापते, पंप ते नळांतून खोलीखोलीत ढकलतो, भिंतीवरच्या पोलादी रेडिएटरमधून उष्णता सोडून तेच पाणी परत येते. वेगवेगळ्या चुली मोडून एकत्र कुटुंबाची एक चूल झाली असे म्हणा ना! आणि एकत्र कुटुंबात जो प्रश्न उभा राहतो, तो येथेही उभा राहिला : वाढणार कोण, आणि पंक्तीच्या शेवटी बसलेल्याच्या पानात काय पडणार?

आमच्या लेकीच्या घरी पंक्तीच्या शेवटी बसल्या होत्या विहीणबाई.

विहीणबाई म्हणजे घरातल्या सर्वांच्या ‘बा’. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीन यांनी आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले, तेव्हा कंपालातील दुकान तसेच टाकून हे कुटुंब निघाले. त्या काळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील एका वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, अशी निर्वासितांना विनंती केली होती, हे आता सर्वश्रुत आहे. तरीही ते आले. पहिला हिवाळा त्यांनी एका भाड्याच्या खोलीत काढला. तेथे मीटरमध्ये नाणे टाकले की गॅसची शेगडी पेटे आणि नाणे संपले की विझे. बा ती हकिकत सांगताना हसतात. ‘वेवाई, तब्बी तो हम पैसा गिनके गरमी लेते थे,’ असे गुजराती वळणाच्या हिंदीत मला म्हणाल्या.

आता त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे आणि दोन्ही गुडघे थकले आहेत. त्यांची खोली तळमजल्यावर, रस्त्याकडच्या फुगीर खिडकीची. तेथून त्यांना येणारा-जाणारा दिसतो, शेजारची इंग्रज वृद्धा काचेवर टकटक करून विचारपूस करते, स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे. हीच खोली घरात सर्वांत थंड होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तेथे साधा तापमापक ठेवला तर सकाळी १४ आणि दिवसभर बॉयलर चालूनही सायंकाळी जेमतेम १६ अंश. पहिल्या मजल्यावर २२. पोटमाळ्यावर, जेथे नात परीक्षेचा अभ्यास करते, तेथे २६! नात छपराची खिडकी उघडी टाकून पुस्तक वाचत असे आणि तिच्या बरोबर खाली दोन मजल्यांवर तिची आजी दोन शाली, लोकरी टोपी आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेली असे. एकाच घरात तीन ऋतू.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड देशांतील घरात किमान १८ अंश तापमान असावे असे म्हटले आहे, आणि वृद्धांसाठी त्याहून थोडे अधिक असलेले बरे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, छातीचे विकार बळावतात. नोव्हेंबरात बांना खोकल्याने दहा दिवस अंथरुणास खिळवून ठेवले होते. त्यामुळे घरात दोन विचार चालू होते. एक, बांना पहिल्या मजल्यावर हलवावे. दुसरा, बॉयलरच मोठा बसवावा. एका व्यावसायिकाने येऊन, फार न पाहता, त्याचे अंदाजपत्रकही देऊन ठेवले होते. २०२२ नंतर तेथे गॅसच्या बिलाने सर्वांचेच डोळे पांढरे केले असताना हा खर्च लहान नव्हता. आणि पहिल्या मजल्यावर जाणे म्हणजे बांच्या दृष्टीने सतरा पायऱ्यांच्या वर कोंडून घेणे. त्या काही बोलत नव्हत्या. पण खिडकीजवळची आपली खुर्ची कोणी हलवू लागले की त्यांचा चेहरा उतरत असे.

जावईबापू हिशेबाचे पक्के. मोठ्या बॉयलरवर सही करण्यापूर्वी त्यांनी आठवडाभर थांबावयाचे ठरविले आणि आम्ही दोघे घराची पाहणी करू लागलो.

लोक सहज म्हणतात की उष्णता वर जाते, म्हणून वरचे मजले तापतात. यात तथ्य आहे. जिना हे घरातले मोठे धुराडेच असते. गरम हवा जिन्यातून वर चढते, पोटमाळ्याच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरण्यासाठी खालच्या दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत ओढली जाते. नातीने वरची खिडकी उघडली की हे धुराडे अधिकच जोमाने ओढू लागे. म्हणजे वरचा उकाडा घालविण्याचा उपाय खालचा गारठा वाढवीत होता.

परंतु दहा अंशांचा फरक एवढ्याने पडत नाही. त्याचे मूळ नळांत होते, आणि ते समजण्यास आपल्याकडच्या पाटाच्या पाण्याचे उदाहरण पुरेसे आहे. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याला मोकळे सोडले तर तो भरपूर पाणी घेतो आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याची जमीन कोरडी राहते. धरणात पाणी वाढवून हे दुखणे जात नाही, कारण वाढलेले पाणीही तोंडाशीच मुरते. म्हणूनच तर धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत पाणी सोडण्यास पाटकरी नेमलेला असे. रेडिएटरचेही तसेच. एका घरातले सर्व रेडिएटर एकाच जोडनळावर समांतर बसविलेले असतात. एका नळाने गरम पाणी येते, दुसऱ्याने निवलेले परत जाते. पाण्याला जेथे विरोध कमी तेथे ते धावते. या घरात बॉयलर आणि पंप पहिल्या मजल्यावर न्हाणीघराशेजारच्या कपाटात. त्याच्या लगतचे रेडिएटर पाच मिनिटांत चटका देऊ लागत. बांच्या खोलीतला, नऊपैकी सर्वांत दूरचा, पाऊण तासाने कोमट होई.

यात एक विनोदी भर होती. घराचा मुख्य थर्मोस्टॅट तळमजल्यावर दाराजवळच्या बोळात. तो बोळही थंडच. त्यामुळे थर्मोस्टॅटला सतत वाटे की घर अजून गारठलेले आहे, आणि तो बॉयलरला थांबू देत नसे. बॉयलर जळत राही, वरचे मजले भाजत राहत. मोठा बॉयलर बसविला असता तर ते आणखी लवकर भाजले असते, इतकेच.

प्रत्येक रेडिएटरच्या खाली दोन बाजूंना दोन तोट्या असतात. एक सर्वांना माहीत असते. तिच्यावर अंक कोरलेली मूठ असते आणि ती खोलीच्या हवेनुसार आपोआप उघड-मीट करते. मुठीच्या आत मेण किंवा द्रव असतो, खोली तापली की तो फुगून आतली खीळ दाबतो आणि पाणी अडते. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी, म्हणजे डॅनफॉस कंपनीच्या संस्थापकांनी, १९४३ मध्ये ही युक्ती सिद्ध केली. दुसऱ्या बाजूची तोटी मात्र प्लास्टिकच्या साध्या टोपीखाली झाकलेली असते. तिला लॉकशील्ड म्हणतात. टोपी मुद्दाम गुळगुळीत आणि मोकळी फिरणारी, म्हणजे येता-जाता कोणी हात लावू नये. खरी पाणीवाटप तिच्याने करावयाची असते, आणि बहुसंख्य घरांत एकदा बसविल्यावर तिच्याकडे कोणी पाहिलेले नसते. या घरातल्या नऊच्या नऊ पूर्ण उघड्या होत्या, आणि वरच्या मजल्यांवरच्या मुठीही कित्येक वर्षे कमाल अंकावर.

वाटपास हात घालण्यापूर्वी दुसरे काही दुखणे नाही ना, हे पाहणे आवश्यक असते, आणि ते नुसत्या हाताच्या स्पर्शाने कळते. हा भाग मला फार आवडला. कापडाचा पोत पाहावा तसा रेडिएटर पाहावयाचा. वरची कड थंड आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकली आहे. खाली मध्यभागी थंड आणि कडेने गरम असेल तर तळाशी लोखंडी गंजाचा काळा गाळ साचला आहे आणि नळ धुऊन घ्यावयास हवेत. सगळाच सारखा कोमट असेल तर त्याला पाणीच पुरत नाही. बांचा रेडिएटर सगळा सारखा कोमट होता. पोटमाळ्यावरच्या एकात तेवढी हवा निघाली. बारीक पितळी किल्लीने टोकाचा स्क्रू किंचित सैल करताच फुस्स असा आवाज झाला आणि मागोमाग पाण्याचे थेंब आले. खाली फडके धरावयाचे आणि लगेच स्क्रू आवळावयाचा. हवा काढली की बॉयलरवरचा दाब उतरतो. घर थंड असताना तो एक ते दीड बारच्या दरम्यान असावा लागतो, म्हणून तो पुन्हा भरून घेतला.

शनिवारी सकाळी, रात्रभर बॉयलर बंद ठेवून सर्व निवल्यावर, काम सुरू झाले. नऊही लॉकशील्ड उघड्या असल्याची खात्री केली, मुठी कमाल अंकावर नेल्या आणि बॉयलर पेटविला. नात वर, लेक मध्ये, मी खाली. ज्याचा रेडिएटर आधी तापेल त्याने ओरडून सांगावयाचे आणि जावईबापूंनी वहीत क्रम लिहावयाचा. वही लाल बासनातली नव्हती, एवढाच काय तो दिवाळीच्या वहीपूजनाशी फरक.

मग क्रमांक एकच्या, म्हणजे न्हाणीघरातल्या रेडिएटरची लॉकशील्ड पूर्ण मिटून फक्त पाव फेरा उघडली. नळांना चिकटवण्याचे दोन लहान तापमापक आणले होते, एक येणाऱ्या नळाला, एक जाणाऱ्या. पाणी आत शिरताना आणि बाहेर पडताना किती अंशांनी निवते हे पाहावयाचे. सुरुवातीला न्हाणीघरात ६६ चे ६० होत होते, म्हणजे पाणी घाईने येऊन घाईने जात होते आणि आपली उष्णता न वापरता परत नेत होते. बांच्या खोलीत उलट. ५९ चे ३५. जे थोडे पाणी पोहोचे ते रेंगाळून अगदी निवून जाई. जुन्या पद्धतीचे कारागीर हा फरक सुमारे ११-१२ अंशांचा धरतात. नव्या कंडेन्सिंग बॉयलरला, जो इंग्लंडमध्ये नव्या गॅस बॉयलरसाठी २००५ पासून बंधनकारक आहे, २० पर्यंतचा फरकही मानवतो. किंबहुना परतीचे पाणी ५५ अंशांच्या खाली असले तरच त्यातून बाहेर पडणाऱ्या धुरातील वाफेचे पाणी होऊन तिची उष्णता घराला मिळते. आम्ही १५ च्या आसपास सर्वांना आणावयाचे ठरविले. पाव फेरा, मग दहा-पंधरा मिनिटे थांबणे, पुन्हा वाचन, पुन्हा किंचित फिरविणे. एक तोटी फिरली की बाकीच्यांचे पाणी बदलते, म्हणून पुढे जाऊन पुन्हा मागे यावे लागते. संध्याकाळपर्यंत दोन फेऱ्या झाल्या, रविवारी तिसरी. न्हाणीघर पाव फेऱ्यावर, पहिल्या मजल्यावरच्या खोल्या अर्ध्यावर, पोटमाळा अर्ध्याहून थोडा कमी, स्वयंपाकघर एक फेरा, बोळ सव्वा फेरा, आणि बांची खोली पूर्ण उघडी. यात गॅसला कोठेही हात लावावा लागत नाही. बॉयलरचे झाकण मात्र उघडावयाचे ते तेथील नोंदणीकृत गॅस कारागिरानेच.

शेवटी वरच्या मुठी तीनवर आणल्या. बोळातल्या रेडिएटरची मूठ मात्र पूर्ण उघडी ठेवली, कारण थर्मोस्टॅट त्याच बोळात आहे. मुठीने तेथे आधीच पाणी अडविले तर थर्मोस्टॅटची आणि तिची झुंज लागते.

रविवारी दुपारी बांच्या खोलीत १८ अंश झाले. त्यापुढे काटा हलेना. येथे माझ्या धंद्याची दृष्टी कामास आली. रेडिएटर खिडकीखाली, आणि खिडकीला लोकरी अस्तराचे जड, सुरेख, जमिनीपर्यंत लोळणारे पडदे. काचेवरून थंड हवा खाली ओघळते, तिला अडविण्यासाठी जुन्या कारागिरांनी रेडिएटर खिडकीखाली ठेवले. पण पडदा रेडिएटरच्या पुढून खाली गेला की त्याची सारी ऊब पडद्यामागे काचेशी जाते. तिन्ही पडदे सौभाग्यवतीने आणि लेकीने खिडकीच्या कट्ट्याइतके आखूड करून दुमडून शिवले. कापड कापू नये, उंची पुन्हा लागली तर असावी, असा माझा आग्रह होता. उरलेल्या पट्टीची दारासाठी वाळू भरलेली लांब उशी झाली. ती दाराच्या खालच्या फटीशी ठेवतात. विटांच्या भिंतीत जमिनीलगत असलेल्या जाळ्या मात्र बुजविल्या नाहीत. तळमजल्याची लाकडी जमीन पोकळीवर आहे आणि त्या जाळ्यांतून हवा खेळली नाही तर खालची तुळई कुजते. शेजारच्या रांगेतील एका घरात कोणी त्या लिंपून घेतल्याचे आम्ही पाहिले. थंडी थांबली असेल, पण ते घर पुढे महागात पडेल.

आणखी एक गोष्ट घड्याळाची होती. बॉयलर आपोआप चालू-बंद करणारे घड्याळ पूर्वीच्या घरमालकाच्या वेळांवर लावलेले होते : सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ५ ते १०. कामावर जाणाऱ्या इंग्रज कुटुंबास ते योग्यच. गारठा वाढल्यापासून घरच्यांनी बटण दाबून दिवसभर ऊब चालू ठेवण्याचा परिपाठ पाडला होता, ते बिलात दिसत होते. पण डिसेंबरात लेस्टरला सूर्य दुपारी ४ वाजण्यापूर्वीच मावळतो. बा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यांचे सायंकाळचे जेवण साडेतीनला होते आणि नंतर त्या खोलीत येऊन माळ घेऊन बसतात. म्हणजे त्यांना ऊब हवी ती दुपारी २ पासून, आणि रात्री ९ नंतर ती कमी झाली तरी चालते. त्याप्रमाणे घड्याळाच्या वेळा बदलल्या आणि पाण्याचे कमाल तापमान ७० वरून ६० वर आणले. नळ सौम्य झाल्यावर भिंतींतली कटकट, जी रात्री ऐकू येई, तीही पुष्कळ कमी झाली.

पुढच्या तीन आठवड्यांतल्या नोंदी माझ्याकडे आहेत. बाहेर २ ते ६ अंश असताना बांची खोली १९ ते २०, पहिला मजला १९, पोटमाळा २०. नातीने पहिले दोन दिवस थंडी वाजते म्हणून कुरकुर केली, मग एक स्वेटर घातला. आता अभ्यास करताना झोप येत नाही, असे तिने आपण होऊन सांगितले. तिची खिडकी बंद आहे. मोठ्या बॉयलरचे अंदाजपत्रक जावईबापूंनी फाईलमध्ये ठेवून दिले. बांना वर हलविण्याचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि त्यांनी खुर्ची स्वतःच ओढून खिडकीच्या आणखी जवळ घेतली.

वहीचे ते पान बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटविले आहे. कोणत्या खोलीची तोटी किती फेरे उघडी, हे त्यावर लिहिलेले आहे, कारण रंगकामासाठी किंवा दुरुस्तीसाठी रेडिएटर उतरविला की कारागीर तोटी मिटतो आणि पुन्हा पूर्ण उघडून जातो. ज्यांची मुले-लेकी त्या बाजूला आहेत त्यांनी ही पाहणी ऑक्टोबरात, थंडी पडण्यापूर्वी, करून घ्यावी. डिसेंबरात दिवसभर घर निववून काम करणे वृद्ध माणूस घरात असता सोपे नसते. आम्ही त्या दिवशी बांना शेजारणीकडे बसविले होते. एक काम राहिले आहे. बांच्या खोलीकडे जाणारे नळ लाकडी जमिनीखालच्या थंड पोकळीतून उघडेच जातात आणि वाटेत काही अंश सांडतात. त्यांना वेष्टन घालावयाचे तर गालिचा आणि फळ्या उचलाव्या लागतील. ते जूनमध्ये, बा मंदिराच्या यात्रेला गेल्या असताना, करावयाचे ठरले आहे.